नानांची पेन्शन आता कुणाची?

प्रश्न : आम्ही चोपडा तालुक्यातले. माझे सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, जिल्हा परिषद शाळेत शिक्षक होते. जन्म १ जून १९६४, रिटायर ३१ मे २०२२. यंदा, २०२५ च्या ११ फेब्रुवारीला जळगावच्या दवाखान्यात ते गेले. पेन्शन अजूनही त्यांच्या खात्यात येते. एटीएम कार्ड जेठांकडे आहे. मार्च आणि एप्रिलमध्ये जमा झालेले पैसे त्यांनी केळीच्या ठिबकसाठी काढले. घरात सगळे म्हणतात, नोव्हेंबरात हयातीचा दाखला मागतील तेव्हा पाहू, तोवर ‘कोनले सांगानं नही’. माझे मिस्टर सुरतला कामाला आहेत. त्यांचं म्हणणं, पेन्शनचे दोन भाग करू आणि सासूबाईंनी सहा महिने गावी, सहा महिने सुरतला राहावं. सासूबाई ५७ वर्षांच्या, सही करता येते, पण बँकेत एकट्या कधी गेल्या नाहीत. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, त्यांचं नाव ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’, जन्मतारीखही वेगळी. कुणी म्हणतं पेन्शन निम्मी होते, कुणी म्हणतं नानांनी पेन्शन विकली होती, आता काही मिळणार नाही. खरं काय? आणखी एक. माझे वडील एसटीत चालक होते, पेन्शन घेत होते. दोन वर्षांपूर्वी वारले. आईला काहीच मिळत नाही. धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे, शिकतो. — एक सून

उत्तर :

ताई, आधी ते एटीएम कार्ड जेठांकडून मागून घ्या आणि कपाटात ठेवा. कार्ड बाहेर असेपर्यंत बाकीचं सगळं बोलणं वाया आहे.

नानांची पेन्शन ११ फेब्रुवारीपर्यंतची, तो दिवस धरून. १२ फेब्रुवारीपासून ती बंद झाली आणि त्याच दिवसापासून सासूबाईंची फॅमिली पेन्शन, म्हणजे कुटुंब निवृत्तिवेतन, लागू झालं. मध्ये एका दिवसाचाही खंड नाही. फेब्रुवारीची पेन्शन मार्चमध्ये जमा होते, त्यामुळे मार्चच्या रकमेतले पहिले अकरा दिवसच नानांचे होते. पुढचं जे जे त्या खात्यात पडलं ते ऑफिसला माहीत नसल्यामुळे पडलं, आणि ते परत द्यावं लागतं. पेन्शन सुरू होताना ‘जादा रक्कम जमा झाली तर वसूल करण्यास हरकत नाही’ असं बँक लिहून घेते. नानांनीही त्या कागदावर सही केलेली असणार.

नोव्हेंबरपर्यंत थांबू म्हणणाऱ्यांना हे सांगाच. नोव्हेंबरात दाखला आला नाही की पेन्शन थांबते, मग चौकशी होते, मग कधीपासूनची जादा रक्कम गेली याचा हिशेब निघतो. तोवर नऊ-दहा महिने झालेले असतात. कुणी शहाणपणा करून गेलेल्या माणसाचा हयातीचा दाखला दिलाच, तर ते प्रकरण वसुलीवर थांबत नाही, फौजदारीत जातं. जेठांना धाक घालायला हे लिहीत नाही. पण कपाशीच्या बियाण्याला, केळीच्या ठिबकला पैसा लागतो म्हणून मेलेल्या माणसाच्या कार्डावर घर चालवायचं, हे मला पटत नाही, आणि तुम्हालाही पटलेलं नाही म्हणून तर पत्र लिहिलंत.

आता तुमच्या घरात कुणीच केलेला दिसत नाही असा हिशेब करू. लपवून ठेवण्यात तुमचंच नुकसान आहे. पत्रात नानांचं शेवटचं मूळ वेतन नाही, म्हणून सोपा आकडा धरते : ७०,००० रुपये. त्याच्या निम्मी, म्हणजे ३५,००० ही त्यांची मूळ पेन्शन. पेन्शन विकली, म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेतला. याला अंशराशीकरण म्हणतात, त्याची मर्यादा ४० टक्के. नानांनी पूर्ण ४० टक्के विकली असेल तर दरमहा १४,००० कापले जाऊन २१,००० हातात येत होते, वर महागाई वाढ. ही महागाई वाढ मात्र पूर्ण ३५,००० वरच मिळते.

फॅमिली पेन्शनमधून विकलेल्या भागाची कपात होत नाही. एकरकमी घेतलेले पैसे नवरा लवकर गेला म्हणून बायकोकडून वसूल होत नाहीत. नाना जिवंत असते तर ही कपात पंधरा वर्षं चालली असती. ते गेले, कपात संपली.

आणि सासूबाईंना सुरुवातीला निम्मी नाही, वाढीव दराने मिळेल. निवृत्तीनंतर पेन्शनर गेला तर मृत्यूपासून पहिली सात वर्षं किंवा तो ६५ वर्षांचा झाला असता ती तारीख, यांपैकी जे आधी येईल तोवर फॅमिली पेन्शन शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असते. फक्त ती नानांच्या मूळ पेन्शनपेक्षा जास्त होऊ शकत नाही. सात वर्षं धरली तर फेब्रुवारी २०३२ येतं, ६५ वर्षं धरली तर ३१ मे २०२९. आधीची तारीख मे २०२९ ची. म्हणजे तोवर सासूबाईंना ३५,००० आणि महागाई वाढ, नंतर ३० टक्क्यांनी २१,००० आणि त्यावर महागाई वाढ. आज नानांच्या नावावर चोरून येणारे २१,००० आणि हक्काने येणारे ३५,०००, फरक महिन्याला १४,००० चा. ‘सांगानं नही’ म्हणणारे स्वतःच्याच माउलीचे १४,००० दर महिन्याला बुडवतायत, एवढं जेठांना कागदावर मांडून दाखवा. जेठ शेतकरी माणूस आहेत, हिशेब त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल.

हे आकडे मी माझ्या मनाने धरलेले. तुमचे खरे आकडे पीपीओवरच आहेत. पीपीओची प्रत काढून नीट वाचा. नानांच्या पेन्शनखालीच कुटुंब निवृत्तिवेतनाचे दोन्ही दर आणि वाढीव दर कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहिलेलं असतं. निवृत्तीच्या वेळीच ते मंजूर होऊन ठेवलेलं असतं. आता मंजुरी मागायची नाही, फक्त सुरू करायला सांगायचं आहे. ‘फाईल नव्याने करावी लागेल, खर्च येईल’ असं कुणी दलाल सांगू लागला तर पीपीओवरची ती ओळ त्याच्यापुढे धरा.

पेन्शन निम्मी होते हे लोकांच्या डोक्यात कुठून बसलं ते माहीत आहे. एसटीच्या, कारखान्याच्या पेन्शनमध्ये विधवेला खरोखर निम्मी मिळते. आणि श्रावणबाळ योजनेचे १,५०० माणूस गेला की बंद, वारसाला त्यातलं काही जात नाही. भुसावळच्या रेल्वेवाल्यांचं आणखी वेगळं. तिथे वाढीव दर ६७ वर्षांच्या हिशेबाने चालतो, कारण ते साठीला रिटायर होतात. पारावर बसून या सगळ्या पेन्शनी एकाच टोपलीत ओतल्या जातात आणि प्रत्येक जण आपल्या घरचा नियम दुसऱ्याला सांगतो.

आता दोन भागांचं. तुमच्या मिस्टरांना सांगा, या पेन्शनचा भाग होत नाही. फॅमिली पेन्शन ही नानांची इस्टेट नाही, त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं असतं तरी ती मुलांना गेली नसती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. ती सासूबाईंची आहे, त्यांच्या हयातीपर्यंत. त्यांच्या मागे कमावत्या वयाच्या मुलांकडे ती जात नाही. अपंगत्वामुळे कमवू न शकणारं मूल असेल तर त्याची गोष्ट वेगळी, पण तुमच्याकडे तसं कुणी नाही. म्हणून दोघा भावांनी आज जे वाटून घ्यायचं ठरवलंय ते त्यांचं नाहीच.

वाटणी होते ती दुसऱ्या पैशांची. ११ फेब्रुवारीला नानांच्या खात्यात जी शिल्लक होती, त्यांच्या ज्या ठेवी होत्या, ती त्यांची मिळकत. नॉमिनी कुणीही असो, तो ते पैसे वारसांसाठी सांभाळतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने सासूबाई, जेठ, तुमचे मिस्टर आणि तुम्हाला नणंद असेल तर ती, सगळ्यांचा हिस्सा सारखा. ‘दोन भाग’ असं तुम्ही लिहिलंत, म्हणून नणंद असल्यास तिची आठवण करून देते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येऊन वडिलांची घागर भरणाऱ्या पोरीचं नाव हिशेबात मात्र येत नाही, असं आपल्याकडे फार घरांत चालतं. नानांच्या हयातीतली काही थकबाकी जिल्हा परिषदेकडून यायची असेल तर तीही वेगळी, ती नामनिर्देशनाप्रमाणे मिळते.

जेठांनी काढलेल्या पैशांचं काय? बहुतेक असं होईल. सासूबाईंची १२ फेब्रुवारीपासूनची थकबाकी एकदम निघेल आणि नानांच्या नावावर जादा गेलेली रक्कम त्यातून वळती केली जाईल. त्यामुळे घाबरू नका. अर्जात सरळ लिहा की मृत्यूनंतर अमुक महिन्यांची पेन्शन जमा झाली, त्यातून रक्कम काढली गेली, ती थकबाकीतून समायोजित करावी. आपण होऊन लिहिलेलं आणि ऑफिसने शोधून काढलेलं, यांत फार फरक पडतो. फक्त एक लक्षात ठेवा : वळती झाली म्हणजे जेठांच्या ठिबकचे पैसे सासूबाईंनी भरले. ते जेठांनी आईला परत द्यायचे आहेत. केळी कटाईला आल्यावर द्या म्हणा, पण वहीत लिहून ठेवा.

कामाला सुरुवात मृत्यूच्या दाखल्यापासून. नाना जळगावच्या दवाखान्यात गेले, त्यामुळे नोंद तुमच्या ग्रामपंचायतीत नाही, जळगाव महानगरपालिकेत असेल. कित्येक जण महिनाभर ग्रामसेवकाकडे खेटे घालतात आणि मग कळतं की मृत्यू जिथे झाला तिथेच नोंद होते. २१ दिवसांच्या आत दवाखान्याने कळवलेलं असेल तर दाखला सहज मिळेल. दहा-बारा प्रती एकदमच घ्या. बँक, पंचायत समिती, विमा, सातबाऱ्याची वारस नोंद, सगळ्यांना लागतो.

मग दोन अर्ज, दोन्ही सासूबाईंच्या सहीने. एक बँकेला : पेन्शनर मयत, खात्यातला व्यवहार थांबवावा. दुसरा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे : कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करावं. तिथून प्रकरण जिल्हा परिषदेच्या वित्त विभागाकडे जातं. सोबत मृत्यूचा दाखला, पीपीओ, सासूबाईंचं आधार आणि पॅन, फोटो, पासबुकच्या पहिल्या पानाची प्रत आणि पुनर्विवाह केला नसल्याचं लिहून दिलेलं. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत घेऊन जा आणि तिच्यावर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘राहू द्या ताई, काम होऊन जाईल’ असं गोड बोलून कागद ठेवून घेतात आणि पुढच्या वेळी तो कागद कुणी पाहिलेलाच नसतो. दोन-तीन महिने काहीच हललं नाही तर जिल्हा परिषदेची पेन्शन अदालत भरते, तिथे पोच लावून लेखी द्या.

सुमन आणि सुमनबाईचं फार मनावर घेऊ नका. खानदेशात निम्म्या बायकांच्या आधारवर ‘बाई’ जोडलेलं असतं आणि सर्व्हिस बुकात नसतं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून लावा, बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं. जन्मतारीख मात्र घाईत बदलायला जाऊ नका. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. आधी सासूबाईंचा शाळेचा दाखला आहे का शोधा, त्यावर काय आहे ते पाहा आणि मग ठरवा कुठला कागद कुठल्याशी जुळवायचा. ही तारीख पुढे कामाला येते, कारण ऐंशीनंतर पेन्शन वयानुसार वाढते आणि तेव्हा ऑफिस कागदावरचंच वय धरतं.

खातं सासूबाईंचं एकटीचं उघडा. मुलाचं नाव जोडीला नको, नॉमिनी म्हणून कुणालाही ठेवा. खात्याला मोबाइल नंबर कुणाचा जोडलाय हे विचारून घ्या. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. पैसे जमा झाल्याचा मेसेज आणि ओटीपी जेठांच्या मोबाइलवर येत राहिले तर खातं सासूबाईंचं असून उपयोग नाही. साधा बटणाचा मोबाइल घेऊन द्या, चालतो. पहिल्यांदा पैसे काढायला तुम्ही बरोबर जा, पण स्लिप त्यांना भरू द्या. ५७ वय काही फार नाही. सही करणारी बाई दोन-तीन खेपांत बँक शिकते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला आता त्यांच्या नावाने द्यायचा, हेही त्यांना त्याच वेळी दाखवून ठेवा.

वर्षाची रक्कम १२ लाखांच्या आत असेल तर नव्या करप्रणालीत २०२५-२६ साठी कर लागणार नाही. तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरावं लागतं. फॅमिली पेन्शनमधून २५,००० रुपयांपर्यंत वजावटही मिळते. गावातल्या कर सल्लागाराकडून करून घ्या, मोठं काम नाही.

सहा महिने इथे, सहा महिने तिथे, याबद्दल सासूबाईंना काय वाटतं ते पत्रात कुठेच नाही. त्यांना विचारलंय का? मुलांच्या सोयीने आई हलवायची आणि तिच्या मागोमाग पेन्शन, असा हा बेत दिसतो. त्यांना गावी राहायचं असेल तर गावी राहतील, सुरतच्या खोलीत जीव घाबरत असेल तर जाणार नाहीत. पैसे त्या त्यांच्या मर्जीने देतील, नातवंडांना देतील, ठिबकलाही देतील. ‘पेन्शन दिली नाही तर सांभाळणार नाही’ अशी भाषा घरात आली तर २००७ चा आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा आहे आणि त्याचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे चालतो. तिथवर जाऊ नये अशीच इच्छा, पण सासूबाईंना तो माहीत असावा.

आता तुमच्या वडिलांचं. एसटीची पेन्शन सरकारी नाही, ती भविष्य निर्वाह निधीची, १९९५ च्या योजनेतली. तिच्यात विधवेला वडिलांच्या पेन्शनच्या निम्मी मिळते. वडिलांना २,४०० असतील तर आईला १,२००. निम्मी रक्कम १,००० पेक्षा कमी येत असली तरी १,००० मिळतातच, ही किमान मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची. आणि तुमच्या भावाचाही हक्क आहे, ज्याबद्दल एसटीच्या घरांत बहुतेकांना माहीत नसतं. २५ वर्षांच्या आतल्या दोन मुलांपर्यंत प्रत्येकाला विधवेच्या पेन्शनच्या २५ टक्के वेगळे मिळतात, किमान २५० रुपये. रक्कम छोटी आहे, पण दोन वर्षांची थकबाकी धरा.

वडिलांच्या पीपीओवर आईचं आणि मुलांचं नाव बहुधा असेलच. तो पीपीओ, मृत्यूचा दाखला, आईचं आधार आणि पासबुक, भावाच्या जन्मतारखेचा पुरावा एवढं घेऊन भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात अर्ज द्यायचा. वडील गेल्यावरही त्यांच्या खात्यात काही महिने पेन्शन जमा होत राहिली का, हे पासबुक भरून आधी पाहून घ्या, म्हणजे तिथे विचारल्यावर उत्तर तयार असेल. दर महिन्याच्या २७ तारखेला या कार्यालयाचं ‘निधी आपके निकट’ शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत होतं. त्या दिवशी आईला आणि भावाला दोघांनाही बरोबर न्या, आणि भाऊ पंचविशीचा होण्याची वाट पाहू नका.